मदत हवी आहे : वारे प्रतिकूल असतानाही चक्रीवादळ झपाट्याने तीव्र कसे होते?

नमस्कार. मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. चक्रीवादळांचा पाठ घेताना गेली अनेक वर्षे मी फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो आहे : ‘समुद्र कितीही तापलेला असो, खालचे आणि वरचे वारे एकमेकांशी फटकून वाहत असतील तर वादळ उभे राहत नाही.’ या वाक्याला आधार म्हणून मी आपल्याच अरबी समुद्राचे उदाहरण देतो. तेथे चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत बाष्प भरपूर असते आणि समुद्राचा बराच भाग पुरेसा उबदारही असतो, तरी ती जवळजवळ होत नाहीत, कारण त्या दिवसांत खाली नैर्ऋत्येकडून मोसमी वारे जोराने येत असतात आणि वर, विमाने उडतात त्या उंचीवर किंवा त्याहून थोडे वर, पूर्वेकडून वेगवान झोत वाहत असतो. उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात आणि दिशेत पडणाऱ्या या फरकाला ‘विंड शिअर’ म्हणतात, एवढे मला माहीत आहे, आणि मुलांनाही ते लगेच पटते.

गेल्या आठवड्यात मात्र एका विद्यार्थिनीने मला अडवले. तिने अमेरिकेतील मायकेल या वादळाची माहिती वाचली होती. ते ७ ऑक्टोबर २०१८ रोजी क्यूबाच्या नैर्ऋत्येकडील समुद्रात अगदी साध्या अवस्थेत होते, तेव्हा तेथील शिअर मध्यम ते तीव्र होता. तरीही १० ऑक्टोबरला ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. सुरुवातीला त्याची नोंद चौथ्या श्रेणीत झाली होती आणि पुढच्या वर्षी सर्व निरीक्षणे पुन्हा तपासून त्याला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत घालण्यात आले. तिचा प्रश्न सरळ होता : ‘सर, तुमचे वाक्य खरे असेल, तर हे वादळ उभेच कसे राहिले?’ माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी तिला तसे सांगितले.

मी आतापर्यंत जे समजून घेतले आहे ते असे. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग किमान ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर वाढला, तर वादळ झपाट्याने तीव्र झाले असे मानतात. शिअर मोजताना साधारण दीड किलोमीटर आणि बारा किलोमीटर उंचीवरच्या, म्हणजे ८५० आणि २०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळ्यांवरच्या वाऱ्यांमधील फरक घेतात. तो १० नॉटच्या आत असेल तर वादळाला अनुकूल, २० नॉटच्या वर असेल तर प्रतिकूल, असा ठोकताळा आहे. मग हा ठोकताळा नेमका कुठे मोडतो? मायकेल हा अपवाद आहे, की माझे वाक्यच अपुरे आहे? विज्ञानाची परिभाषा आली तरी चालेल, फक्त ती अकरावीच्या मुलांसमोर उलगडून सांगता यावी अशी विनंती आहे.

नभांगण

सर, प्रश्न उत्तम आहे आणि आपल्या विद्यार्थिनीचे कौतुक केले पाहिजे. मी वातावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, त्या आधारावर लिहीत आहे. मायकेल हा एकटा अपवाद नाही. २०१० चे अर्ल हेही शिअर सोसत झपाट्याने तीव्र झालेले वादळ म्हणून अभ्यासले गेले आहे.

आधी शिअर वादळाचे काय बिघडवतो ते पाहू. चक्रीवादळाचा गाभा म्हणजे एकावर एक रचलेल्या भोवऱ्यांची उतरंड आहे, असे समजा. सगळ्यांत खालचे मडके समुद्राला टेकलेले आहे आणि वरचे आठ-दहा किलोमीटर उंचीवर आहे. वरचा वारा वेगळ्या दिशेने वाहू लागला की वरची मडकी त्या दिशेला सरकतात आणि उतरंड कलंडते. ढगांची वाढ मग केंद्राभोवती सारखी न राहता एका बाजूला गोळा होते. शिअर ज्या दिशेला ढकलतो त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास, आपल्या उत्तर गोलार्धात ही बाजू समोर आणि डावीकडे येते. दुसऱ्या बाजूने मधल्या उंचीवरची कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पावसाचे थेंब विरले की ती गार आणि जड होऊन खाली कोसळते, आणि गाभ्याकडे निघालेल्या दमट, उबदार हवेत मिसळून तिचा कस कमी करते. वादळाच्या इंजिनाला असे भेसळीचे इंधन मिळू लागते. आपले फळ्यावरचे वाक्य इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

पण उतरंडीची उपमा इथेच सोडावी लागते, कारण मडकी एकमेकांभोवती फिरत नाहीत आणि वादळाचे थर फिरतात. वरचा भोवरा खालच्यापासून बाजूला सरकला की खालच्या भोवऱ्याचे वारे त्याला स्वतःभोवती फिरवू लागतात, आणि वरचाही खालच्याला फिरवतो. त्यामुळे कल ज्या दिशेला पडला होता त्या दिशेलाच राहत नाही, तर घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू वळत जातो. बऱ्याच वादळांत तो समोर-डावीकडे येऊन तिथेच अडकतो आणि वादळ दिवसेंदिवस रखडते. पण भोवरा पुरेसा जोरकस असेल तर कल आणखी वळून शिअरच्या उगमाच्या बाजूला पोचतो. आता तोच शिअर वरच्या भोवऱ्याला खालच्या भोवऱ्याच्या डोक्यावर परत ढकलू लागतो. ज्या वाऱ्याने उतरंड कलंडवली, तोच ती सरळ करतो. हा भाग मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा कागदावर बाण काढून तीनदा तपासला होता, तेव्हा कुठे विश्वास बसला.

दुसरा मार्ग अधिक धसमुसळा आहे. कललेल्या बाजूला प्रचंड गडगडाटी ढगांचा उद्रेक होतो. त्यांच्याखाली हवा इतक्या जोराने आत खेचली जाते की तेथे नवीन केंद्र तयार होते, आणि जुने केंद्र त्यात विरून जाते. नवे केंद्र मधल्या उंचीवरच्या भोवऱ्याच्या जवळजवळ खालीच जन्मलेले असल्याने कल एकदम कमी होतो. सप्टेंबर २००१ मध्ये मेक्सिकोच्या आखातात गॅब्रिएल या वादळात असे घडल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे.

यापैकी कोणताही मार्ग यशस्वी होण्यासाठी समुद्राची साथ लागते. वादळाला किमान साडेसव्वीस अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते, हे आपण शिकवतच असाल. पण पृष्ठभागावरच्या आकड्याइतकेच महत्त्व उबदार थराच्या खोलीला आहे. थर पातळ असेल तर वादळाचे वारे पाणी घुसळतात, खालचे गार पाणी वर येते आणि वादळ स्वतःचीच चूल विझवते. थर खोल असेल तर कितीही घुसळले तरी ऊबच वर येत राहते. वर सांगितलेली गार, कोरडी हवा केंद्राभोवती फेरी मारताना अशा समुद्रावरून गेली की तिला उष्णता आणि बाष्प पुन्हा मिळते, आणि ढगांच्या बाजूला पोचेपर्यंत ती सावरलेली असते. ही भरपाई किती लवकर होते, यावर बरेच काही ठरते.

एकदा कल कमी झाला आणि पाऊस केंद्राभोवती कड्यासारखा पसरला की पुढची घटना फार वेगाने घडते. ढगांत बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता सर्वाधिक वाऱ्यांच्या वर्तुळाच्या आत मिळू लागते, आणि तिथे मिळालेली उष्णता वारे वाढवायला कितीतरी अधिक उपयोगी पडते. भोवरा आकसतो, बळकट होतो आणि शिअरला आता सहज दाद देत नाही. वरून बाहेर फेकली जाणारी हवा तर आजूबाजूच्या वाऱ्यांना काही प्रमाणात बाजूलाही सारते.

कसमादे बागायतदार

मी विज्ञान शिकलेलो नाही, पण शिअरमुळे वादळ मेले म्हणजे आपण सुटलो, असे कोणी समजू नये म्हणून लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये अरबी समुद्रातून ओखी चक्रीवादळ येत होते तेव्हा आमच्याकडे अर्ली द्राक्षांची काढणी तोंडावर होती. मोबाइलवर रोज वाचत होतो की वादळ कमजोर होत आहे, आणि ते खरेही होते. तरीही ५ तारखेला पाऊस झाला, तयार घडांतले मणी तडकले आणि ठरलेला सौदा मोडला. वादळ समुद्रातच विरत होते, तर पाऊस इतक्या आत बागलाणात कसा पोचला, हे कोणी समजावून सांगेल काय?

नभांगण

दादा, आपल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते. आपल्या प्रश्नाचे उत्तर याच धाग्यात आहे. कन्याकुमारीजवळ ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी इतक्या लवकर चक्रीवादळ झाले की समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना परतायला वेळच मिळाला नाही. पुढे उत्तरेकडे येताना त्याला तुलनेने गार पाणी, कोरडी हवा आणि तीव्र शिअर, असे तिन्ही भेटले. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावरचे वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतात, त्यामुळे ढगांचा सगळा पसारा केंद्रापासून तुटून ईशान्येला, म्हणजे महाराष्ट्रावर लोटला गेला. केंद्र अजून समुद्रात होते आणि त्याचे ढग आपल्या बागेवर आले होते. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत वादळाचे केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले होते. ज्या शिअरने वादळ मोडले, त्यानेच पाऊस नाशिक जिल्ह्यात आणला.

दर्याकिनारा

वरील प्रतिसादांना एक पुरवणी जोडतो, कारण एका ठिकाणी चित्र थोडे जास्त नीटनेटके झाले आहे असे मला वाटते. आधी उतरंड सरळ होते आणि मग वादळ तीव्र होते, असा क्रम नेहमीच असतो असे नाही. अनेकदा दोन्ही गोष्टी हातात हात घालून होतात : थोडी तीव्रता वाढली की कल थोडा कमी होतो, आणि कल कमी झाला की तीव्रता आणखी वाढते.

शिवाय शिअरचा तो एकच आकडा काही शे किलोमीटरच्या क्षेत्राची सरासरी असतो आणि त्यात फक्त दोन उंचींची तुलना असते. वाऱ्यातला फरक मधल्या आणि खालच्या थरांत एकवटला असेल तर तो गाभ्याला जास्त इजा करतो. तोच फरक अगदी वरच्या थरात असेल तर वादळ त्याच्या खाली बऱ्यापैकी तग धरते. नकाशावर दोन्ही वेळा २० नॉटच दिसतात. मायकेलच्या पश्चिमेला वरच्या थरात एक द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, होती. अशी द्रोणी शिअर वाढवते, पण वादळाने वर फेकलेल्या हवेला वाहून न्यायला वाटही देते.

अंदाज चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते ती मध्यम शिअरमध्ये. शिअर अगदी कमी असेल तर वादळ वाढणार आणि फार जास्त असेल तर मोडणार, हे संगणकाची प्रारूपे बरेचदा बरोबर सांगतात. मध्यम शिअरमध्ये मात्र एखादा ढगांचा उद्रेक चार तास आधी झाला की नंतर झाला, एवढ्यावर वादळाचे भवितव्य फिरू शकते, आणि सुरुवातीच्या निरीक्षणांतला लहानसा फरक दोन दिवसांनी फार मोठा होतो.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उतरंडीची उपमा आणि ती कुठे सोडायची हे दोन्ही मला वर्गात उपयोगी पडेल. आणखी एकच विचारतो. उद्या अरबी समुद्रात असे वादळ असेल, तर ते सावरत आहे की मोडत आहे, हे मुलांना उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखता येईल का?

नभांगण

काही अंशी येईल. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे दिवसभर येत असतात. दिवसाच्या चित्रात खालच्या ढगांची गोल फिरकी एका बाजूला उघडी पडली असेल आणि पांढरा दाट ढग दुसऱ्या बाजूला असेल, तर कल मोठा आहे असे समजावे. तोच दाट ढग वळसा घालून शिअरच्या उगमाच्या बाजूला जाऊ लागला आणि काही तास तिथे टिकला, तर ती सावरण्याची खूण असते. मात्र वरच्या ढगांच्या चादरीखाली काय चालले आहे हे या चित्रांत दिसत नाही. ते सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) चित्रांत दिसते, पण ती टिपणारे उपग्रह ध्रुवावरून फिरत असल्यामुळे एकाच वादळावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. दोन फेऱ्यांमधल्या वेळेत वादळ बदलून गेलेले असू शकते. मुलांना एक खबरदारी अवश्य सांगा : आपला हवामान विभाग तीन मिनिटांच्या सरासरीने वाऱ्याचा वेग देतो आणि अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, म्हणून दोन्हीकडचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नये. आणि बागेचा किंवा कांदा चाळीचा निर्णय स्वतःच्या वाचनावर न घेता विभागाच्या बुलेटिनवरच घ्यावा.

धागाकर्ता

हे सगळे लिहून घेतले आहे. फळ्यावरचे वाक्य मी आता असे लिहीन : ‘खालचे आणि वरचे वारे फटकून वाहत असतील तर वादळ कलते; खोल उबदार पाणी आणि दमट हवा असेल, तर ते पुन्हा सरळही होऊ शकते.’ सोमवारी वर्गात दोन नकाशे टांगणार आहे. एक मायकेलचा, आणि दुसरा ५ डिसेंबर २०१७ चा. त्या दुसऱ्या नकाशात केंद्र समुद्रात दाखवून ईशान्येकडे बाण काढायचा आणि बाणाच्या टोकाशी ढग कोणत्या तालुक्यांवर आले असतील, हे मुलांनाच भरायला सांगायचे आहे. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी द्राक्षबाग आहे.