युरियाचे अनुदान थेट खात्यात दिले तर नेमके कोणाला मिळेल?

प्रश्न (कोरडवाहू, यवतमाळ) :
आमच्या भागात पाऊस उघडला की कपाशीला युरियाचा हात पडतो. झाड हिरवेगार दिसते, पण माजलेल्या पानांवर मावा-तुडतुडे वाढतात आणि युरियावर वाचलेला पैसा फवारणीत जातो. युरिया स्वस्त ठेवणारे हे अनुदान रोखीने खात्यात दिले, तर शेतकरी खत मोजून वापरेल का?

माजी कृषी सहायक :
मुळात दोष किमतींच्या तिरकेपणात आहे. २०१० साली स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेल्या खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, परंतु युरिया त्यातून वगळला गेला आणि त्याची किंमत सरकारच ठरवत राहिले. आज ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, म्हणजे नत्र किलोला सुमारे १३ रुपयांना पडते. डीएपी या खतात नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात; त्याच्या १३५० रुपयांच्या गोणीतून त्याच दराने नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरद किलोला ५० रुपयांच्या पुढे जाते. नत्र, स्फुरद आणि पालाश ४:२:१ या प्रमाणात द्यावे असे आम्ही बैठकांतून सांगत असू; ऐकणारा मान डोलवी आणि दुकानातून युरियाच घेऊन जाई. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. अनुदान खात्यात गेले, की दुकानात युरियाची पूर्ण किंमत मोजावी लागेल आणि हा तिरकेपणा जाईल; म्हणून रोख अनुदानाला माझा पाठिंबा आहे.

मक्त्याने करणारा :
साहेब, खाते कोणाचे, हे आधी ठरवा. मी सहा एकर कसतो, पण सातबाऱ्यावर माझे नाव नाही. त्यामुळे पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये शहरात राहणाऱ्या मालकाला मिळतात. स्वस्त युरिया मात्र मला मिळतो, कारण दुकानातील यंत्रावर अंगठा माझा लागतो. अनुदान जमिनीच्या नोंदीवर गेले, तर खत महाग घेणारा मी आणि पैसे घेणारा मालक, आणि मक्ता तो त्या कारणाने कमी करणार नाही.

कृषी सेवा केंद्र चालक :
त्यात उधारीची भर घाला. गावातील निम्मे खत मी कापूस विकेपर्यंतच्या बोलीवर देतो. युरियाच्या गोणीची खरी किंमत आजच्या विक्री किमतीच्या कित्येक पट आहे. ती शेतकऱ्याने आधी भरायची आणि अनुदान मागाहून यायचे, तर तेवढी उधारी माझ्या भांडवलात बसणार नाही आणि माणूस सावकाराकडे जाईल. सध्याची पद्धत निर्मळ आहे असे मात्र मी म्हणत नाही. युरियाच्या गाडीबरोबर न खपणारा माल गळ्यात मारला जातो, आणि या ‘लिंकिंग’च्या शिव्या गिऱ्हाईक मला घालते.

प्रश्नकर्ता :
मक्त्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझी स्वतःची दोन एकरे दुसऱ्याकडे मक्त्याने आहेत. मग खात्याला हात न लावता युरियाची किंमत थोडी वाढवून तेवढेच अनुदान स्फुरद-पालाशकडे वळवले, तर मक्तेदाराचे नुकसान होणार नाही, असे म्हणता येईल का?

माजी कृषी सहायक :
होय, तो मार्ग अधिक बरा. आधी पाठिंबा देताना मी सातबारा गृहीत धरला होता, तो पाठिंबा माघारी घेतो. फक्त युरियाची किंमत वाढवण्याचे धाडस कोणते सरकार करील, हे तुम्हीच सांगा.