मदत हवी आहे : बोल्ट रायफलची मशीनगन कशी झाली, हे मराठीत कसं समजावू?

डेझर्टरोड :
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि एका परिच्छेदात पार रुतलोय.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून वेलिंग्टनकडे जाताना डेझर्ट रोड संपला की वायउरू लागतं. तिथल्या लष्करी संग्रहालयात काचेआड 'चार्ल्टन ऑटोमॅटिक रायफल' पाहिली. लांबून जुनी ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलच वाटते. जवळ गेलं की दिसतं, पुढे दोन पायांचा स्टँड आहे, चापाच्या पुढे हाताने धरायला आणखी एक मूठ आहे आणि उजव्या अंगाला सायकलच्या पंपासारखं काहीतरी जोडलंय. बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) ओळखीची मूठ मात्र गायब.

गोष्ट १९४१ची. ब्रेन आणि लुईस या हलक्या मशीनगन मिळणं मुश्कील होतं. फिलिप चार्ल्टन यांनी बोअर युद्धाच्या काळातल्या, मोडीत निघालेल्या ली-मेटफर्ड आणि लाँग ली-एनफिल्ड रायफली घेतल्या आणि त्यांच्यात बदल केले. काम झालं हेस्टिंग्जमधल्या 'चार्ल्टन मोटर वर्कशॉप्स'मध्ये. सुमारे १,५०० नग बनले आणि पुढे पामर्स्टन नॉर्थच्या लष्करी डेपोला आग लागली तेव्हा जवळजवळ सगळे जळाले. आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच उरल्यात.

मसुद्यात मी हिला 'एलएमजी' (लाइट मशीनगन) म्हटलंय. इथवर ठीक. पण मसुदा वाचून संपादक ताईंनी विचारलं, "रायफलची मशीनगन केली म्हणजे नेमकं काय केलं? इतकं सोपं होतं तर आधीच कुणी का नाही केलं?" मी गप्प. जाणकारांनी माझ्यासारख्या अडाण्याला समजेल असं सांगावं. शिवाय नेटवर याच नावाच्या एका फोटोत ना स्टँड आहे ना पुढची मूठ. ती हीच का?

निवृत्त_आर्मरर :
जुन्या दाराची आडवी कडी आठवा. नुसती ओढली तर निघत नाही. आधी कान वर उचलायचा, मग ओढायची. लावताना आधी सरकवायची, मग कान खाली पाडायचा. ली-एनफिल्डचा बोल्ट अगदी तसाच. गोळी सुटताना मागे प्रचंड दाब येतो, म्हणून बोल्ट फिरून अडकलेला असावा लागतो. दर गोळीला जवान हे चारही झटके हाताने देतो.

चार्ल्टननी ते काम गॅसला दिलं. नळीतला थोडा गॅस बाजूला काढला की तो पिस्टन मागे रेटतो (तुमचा सायकलचा पंप तो हाच). पण गॅसचा धक्का सरळ आणि कडी उघडायला हवा पीळ. खरी गोम इथेच आहे. त्यासाठी पिस्टनला जोडलेल्या पट्टीत तिरकी खाच. पट्टी सरळ मागे येते, खाचेत अडकलेला बोल्ट आधी फिरतो, मग मागे जातो. घरात वरून दाबली की गरगर फिरणारी रवी असते ना, तिचंच तत्त्व. मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते, येताना तो नवं काडतूस नळीत सारतो.

आधी का नाही केलं? केलं होतं की! पहिल्या महायुद्धात कॅनडात ह्यूओ यांनी रॉस रायफलवर हाच प्रयोग केला. रॉसचा बोल्ट हाताने सरळच ओढायचा असतो, फिरवणं त्याचं तो आतल्या आत करतो, त्यामुळे त्यांचं काम थोडं हलकं झालं. पण १९१८मध्ये युद्धच संपलं आणि बंदूक बारगळली.

शंकेखोर :
एक सुधारणा. सरसकट 'एलएमजी' लिहू नका. ही मुळात एका चापाला एक गोळी अशी वापरायची होती, सलग मारा फक्त अडीअडचणीला. हिशोब करा ना. वेग मिनिटाला ६०० म्हणजे सेकंदाला १०. रायफलचं १० काडतुसांचं मॅगझिन एका सेकंदात खलास, ब्रेनचं बदल करून बसवलेलं ३०चं तीन सेकंदांत. ब्रेनची नळी तापली की खटका सोडवून दुसरी चढवता येते. इथे नळी रायफलची, बॉडीत आटे पाडून घट्ट बसवलेली. तापली की थांबा.

तुमच्या दुसऱ्या फोटोतली बहुधा ऑस्ट्रेलियाची आवृत्ती असावी. ती इलेक्ट्रोलक्सने केली, हो, व्हॅक्यूम क्लीनरवाली! तिच्यासाठी आखूड ली-एनफिल्ड वापरली. यंत्रणा तीच, पण स्टँड नाही, पुढची मूठ नाही, त्यामुळे वजनाला हलकी आणि दिसायला सुटसुटीत.

चहाबाज :
थोडक्यात, अस्सल जुगाड!

निवृत्त_आर्मरर :
@चहाबाज, जुगाड एकदा चालतो. दीड हजार नग सारखे चालवायचे तर लेथवर माप धरून बसावं लागतं. मोटारीच्या गॅरेजातल्या माणसाला ते जमलं, याला मी कसब म्हणेन.

डेझर्टरोड :
काका, कडी आणि रवी दोन्ही ढापतोय. शंकेखोर, एलएमजी खोडलं. आता हे बघा बरं :
"चार्ल्टननी जुन्या रायफलच्या बाजूला गॅसवर चालणारा दांडा बसवला. त्यातली तिरकी खाच बोल्टला कडीसारखी उघडते, स्प्रिंग त्याला पुन्हा लावते आणि जाता जाता नवी गोळी नळीत भरते."
चालेल?

निवृत्त_आर्मरर :
बाकी उत्तम. फक्त 'गोळी भरते' नको, 'काडतूस भरते' लिहा. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. पुंगळी, दारू, टोपी (दारू पेटवणारी) आणि गोळी मिळून काडतूस. ट्रेनिंगमध्ये हे चुकलं की उस्ताद मैदानाला फेरी मारायला लावायचे. आमच्या हातात .३०३ची (ली-एनफिल्डची) काडतुसं यायची, त्यांच्या बुडावर 'केएफ' असायचं. केएफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी.

डेझर्टरोड :
लेखात 'गोळी भरली' सहा ठिकाणी निघालं. अंक उद्या छपाईला जातोय. बसतो बदलत.