वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या विकण्यावर बंदी हवी का?

सह्यवाट:
आज मंडईत वडाच्या डहाळ्यांचे ढीग पाहिले. सूत, आंबे, फणसाचे गरे आणि शेजारी ओरबाडलेला वड. परवा सगळं कचऱ्यात. सावित्री वडाखाली बसली होती, तोडलेल्या फांदीपुढे नव्हे. ज्या झाडाची पूजा, त्यालाच कोयता लावायचा, हे मला मुळीच पटत नाही. विक्रीवर सरसकट बंदी हवी.

माधवी_ठाणे:
बंदी म्हणणं सोपं आहे हो. माझ्या सासूबाईंना 81 वं वर्ष लागलंय, गुडघे गेलेत, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. त्यांनी पाटावर डहाळी पुजली तर वड मरतो? उलट 'देवाचं झाड' म्हणूनच गावोगावचे वड टिकले. मिरज तालुक्यातलं भोसे आठवा. 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गात तिथला सुमारे 400 वर्षांचा वड जाणार होता. लोक आडवे आले, आराखडा बदलला, वड राहिला.

कातळसडा:
माधवीताई, भोशाची गोष्ट तिथे संपत नाही. तोच वड 2022 मध्ये कोसळला. खोड राहिलं म्हणजे झाड वाचलं, असं आपण धरून चालतो. देवाच्या झाडाचं आपण काय करतो? बुंध्यापर्यंत सिमेंटचा पार, वर फरशी, मुळांना पाणी जायला फट नाही. रस्त्यावर लोंबतात म्हणून पारंब्या छाटायच्या. पारंबी जमिनीत रुजली की तिचा खांब होतो आणि तोच म्हाताऱ्या आडव्या फांदीला पेलतो. पूजा करणाऱ्यांनी आधी पारंब्यांसाठी भांडावं. डहाळीचा प्रश्न मला त्यापुढे लहान वाटतो.

सह्यवाट:
लहान नाही. विकणारा एकच डहाळी तोडत नाही, हाताला येईल तेवढं झाड बोडकं करतो. त्या फांद्यांवरच फळं धरतात. वडाच्या फळात शिरून परागण करणारी इवलीशी माशी फक्त वडावरच वाढते, दुसरं झाड तिला चालत नाही. फळं पिकली की हरियाल, तांबट, धनेश, वटवाघळं सगळी तिथेच. बिया रुजतात त्यांच्याच विष्ठेतून. शहरात झाड तोडायला 1975 पासून कायद्याने परवानगी लागते, 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. मग हा एकच दिवस सूट का?

माधवी_ठाणे:
ढीग लावून विकणाऱ्याला जरूर अडवा, त्याला माझी हरकत नाही. पारंब्यांचंही पटलं. पण घरच्या पूजेवर बंदी मला मान्य नाही. आमच्या आवारात वड लावू म्हटलं तर कमिटी म्हणते, मुळं पाण्याची टाकी फोडतील. रस्त्याकडेचा वड रुंदीकरणात गेला. आता जवळचा वड हायवेपलीकडे आहे. सासूबाईंना तिथवर कसं न्यायचं, ते सांगा.