मदत हवी आहे: डोक्यातून सरकत जाणारी कळ

आईला (वय ५८) तीन महिन्यांपासून विचित्र त्रास आहे. डोक्याच्या मागून उजवीकडून कळ निघते आणि रेघ ओढल्यासारखी सरकत उजव्या डोळ्यापर्यंत येते. पाच-सात सेकंद, बस. मग त्याच डोळ्यातून पाणी. परवा पोळ्या करताना लाटणंच हातातून सुटलं. आम्ही आपलं "पित्त असेल" म्हणत बसलो होतो!

एमआरआय नॉर्मल आहे. न्यूरॉलॉजिस्टनी 'एपिक्रेनिया फ्यूगॅक्स' सांगितलंय. २००८ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवलेला, डोकेदुखीचा दुर्मीळ प्रकार. गॅबापेंटिनने कळा कमी झाल्यात, पण दिवसभर गुंगी असते. पुढची अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी आहे.

कुणाच्या घरी हे झालंय का? गुंगी किती दिवसांत उतरली? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली का?