सीओपीडीसाठी हवापालट : पाचगणी, नाशिक की आणखी कुठे? (भाडं १४ हजारांच्या आत)

कोपर_पूर्व
नमस्कार मंडळी. आई, वय ६८, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार). बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९१-९२ टक्के, एक जिना चढला की ८६. रात्री मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लावायला सांगितलंय, पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) घरी आहे. दिवसा लागत नाही. डोंबिवलीत दिवाळी ते फेब्रुवारी हवा अशी असते की त्या काळात स्टिरॉइड-अँटिबायोटिकचा कोर्स ठरलेला. डॉक्टर म्हणाले, जमलं तर हवा बदला. कुठे, ते नाही सांगितलं. माझ्या डोक्यात पाचगणी आहे.
अटी तीन : भाडं १४ हजारांच्या आत, तळमजला किंवा रोज चालणारी लिफ्ट, छातीचा डॉक्टर अर्ध्या तासावर. विकत घ्यायचं नाहीये, कृपया ते सुचवू नका.

गोदाकाठ
डोळे झाकून नाशिक. गंगापूर रोडला साठेक लाखांत छान टू-बीएचके येतो. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भरा. हवा, पाणी, हॉस्पिटलं सगळं आहे. मुंबईकर इथे येऊन परत गेलेला दाखवा.

कोपर_पूर्व
विकत नकोय हो.

टेबललँड
पाचगणीच. शंभर वर्षांपूर्वीपासून छातीचे रोगी तिथे हवा खायला जातात, बेल-एअर सॅनेटोरियम उगाच नाही उभं राहिलं. सिल्व्हर ओकच्या सावलीत सकाळी चाला, फुप्फुसं धुऊन निघतात.

श्वसनोपचार
@टेबललँड, ती सॅनेटोरियमं क्षयासाठी होती. औषधं नव्हती तेव्हा विश्रांती, उजेड, मोकळी हवा आणि चांगलं खाणं एवढंच हातात होतं. सीओपीडीचं गणित वेगळं आहे.
पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर. तिथे हवेचा दाब डोंबिवलीपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. निरोगी माणसाला कळतही नाही. पण ऑक्सिजन ९०च्या खाली गेला की पुढची घसरण झपाट्याने होते. बसून ९१ असलेला रुग्ण तिथे ८६-८७वर येऊ शकतो. म्हणजे आज फक्त रात्री लागणारं मशीन दिवसाही लावावं लागेल. हवा स्वच्छ, पण पातळ. जायचंच असेल तर आधी धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी करून डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं 'थंड हवेचं ठिकाण' असं विचारलंत तर कोणीही 'छान' म्हणेल.

टेबललँड
मग तिथली सगळी माणसं काय गुदमरून मरतात?

श्वसनोपचार
त्यांना सीओपीडी नाही.

साताऱ्याचा_गडी
पाचगणीत जून ते सप्टेंबर राहून बघा राव. धुकं थेट घरात शिरतं. कपाटातल्या चपलांना पांढरी बुरशी, गाद्या ओलसर, भिंतीला हात लावला की चुना हाताला. ती बुरशी छातीला डोंबिवलीच्या धुळीपेक्षा वाईट. रात्री दम लागला तर पसरणी घाट उतरून वाई, पुढे सातारा. धुक्यात तो घाट अर्ध्या तासात होत नाही, तिसरी अट तिथेच बाद.
त्यापेक्षा सातारा शहर घ्या. उंची ७०० मीटरच्या आसपास, कराडला मेडिकल कॉलेज, पुणं जवळ. १४ हजारांत तळमजला आरामात, वर अंगणही.

पंचगंगा
साताऱ्याला पाचट जाळत नाहीत वाटतं? ऊस तुटला की शेतकरी पाला पेटवतो, नोव्हेंबर ते मार्च. तुमच्या आईंना नेमका तोच काळ त्रासाचा आहे.

साताऱ्याचा_गडी
आणि कोल्हापूरला गुऱ्हाळातून अत्तराचा धूर निघतो.

पंचगंगा
कोल्हापूर सुचवलंय कुठे मी? आमचं गाव कसं आहे ते आम्हाला माहीत आहे, म्हणून तर बोलतोय.

बाकावरचा_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

यंत्रवाला
गाव कुठलंही घ्या, मशीनचं आधी बघा. याच्यावर कोणी बोलत नाही.
१) पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३३० वॅट खातं. रात्री नऊ तास म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. घरातलं बाकीचं मिळून बिल १०० युनिटांचा टप्पा ओलांडणार आणि वरचा दर लागणार. घरमालकाचा सबमीटर असेल तर 'युनिटला किती' हे करारात लिहून घ्या.
२) इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच. चौकोनी वेव्हवर कॉम्प्रेसर घुमतो आणि तापतो. मोटार सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून निदान १,००० व्हीएचा. १५० एएचच्या एका बॅटरीवर तीन-साडेतीन तास निघतात. दुकानदार पाच सांगेल.
३) त्यापुढे ऑक्सिजनचा बी टाइप सिलेंडर. आत दीड हजार लिटर, २ लिटरने बारा तास. फ्लोमीटर, स्पॅनर आणि वॉशर सिलेंडरला बांधूनच ठेवा. रात्री वीज गेल्यावर स्पॅनर सापडत नाही, हीच नेहमीची गोची. भरून देणारा त्या गावात आहे का ते घर बघायच्या आधी विचारा.
४) मशीन भिंतीपासून फूटभर लांब. बाहेरचा स्पंज आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा. ओला लावलात तर ओल आत जाते. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. ओल धरली की नायट्रोजन धरेनासे होतात, मग फ्लो २ दिसतो पण नळीतून येणारा ऑक्सिजन ९३ टक्क्यांऐवजी ८०-८५ टक्के. माणसाला दम, मशीन मात्र ठणठणीत. दमट गावात हे लवकर होतं, म्हणून कोकण-गोवा यादीतून काढा.
५) ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं. नुसती वरून भर घालायची नाही.

मालती_ताई
यंत्रवाल्यांशी सहमत, स्पंज धुवायलाच हवा. शिवाय आईंना गूळ-हळद द्या. आमच्याकडे दहा लिटरचं मशीन आहे, पाच लिटरचं कमीच पडतं. दम लागला की सरळ चारवर करा, लगेच बरं वाटतं.

श्वसनोपचार
ताई, हे कृपया कोणी करू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन जास्त दिला की आणखी वाढतो. सकाळी डोकं जड, पेंग, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा रुग्णाला ८८ ते ९२ हेच लक्ष्य, ९८ दिसलं म्हणजे छान असं नाही. लिटर बदलायचे ते डॉक्टरांनी.
ऑक्सिमीटरचं पण. गार बोट आणि गडद मेंदी, दोन्ही आकडा बिघडवतात. हात चोळून गरम करा, मधलं बोट घाला, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. थंड गावात सकाळी ८४ बघून धावाधाव होते ती बहुतेक वेळा गार बोटामुळे.

मालती_ताई
आम्हाला तरी फरक पडला बाई.

गोदाकाठ
म्हणून म्हणतो नाशिक. उंची सहाशेच्या आत, कोरडी हवा, मशीनही टिकेल.

द्राक्षवाला
गोदाकाठ, अर्धंच सांगताय. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यात द्राक्षावर सतत फवारणी असते, ब्लोअरचं धुकं दूरवर जातं. शहराच्या आत घर घेतलं तर तो त्रास कमी. पण थंडीचं काय? निफाडचा पारा बातमीत येतो तो उगाच नाही, शहरातही जानेवारीत ८-१० डिग्री होतं. थंड कोरड्या हवेने श्वासनळ्या आवळतात. सकाळी नाका-तोंडाला मफलर न लावता दूध आणायला गेलं की संपलं. त्यात सिंहस्थाची कामं, खोदलेले रस्ते आणि त्यामुळे वधारलेली भाडी.

निवृत्त_कारकून
अवांतर पण कामाचं : भाडेकरार अकरा महिन्यांचा नोंदवतात तो ठीक, पण लॉक-इनचं कलम बघा. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि हवा मानवली नाही, तर उरलेलं भाडं भरून सुटका. दोन महिन्यांवर आणा, 'वैद्यकीय कारणाने एक महिन्याच्या सूचनेवर' असं वाक्य घाला.
मेडिक्लेम असेल तर विभाग तपासा. काही पॉलिसींत गावानुसार हप्ता असतो. स्वस्त विभागाचा पत्ता देऊन उपचार मुंबईत घेतले तर बिलाचा काही भाग खिशातून जातो. पत्ता बदलायची घाई नको.

श्वसनोपचार
याला जोडून : आधी पंधरा दिवस राहून बघा, तेही त्या गावाच्या सगळ्यात वाईट महिन्यात. वहीत रोज तीन आकडे : उठल्यावर, सहा मिनिटं चालल्यावर, झोपताना मशीन लावण्याआधी. रिलिव्हर (दम लागला की ओढायचा पंप) किती वेळा लागला तेही. चालल्यावरचा आकडा इथल्यापेक्षा तीनने खाली राहिला तर गाव सोडा, निसर्ग कितीही सुंदर असो. निघण्याआधी फ्लूची यंदाची लस, न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या) लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. नव्या गावात पहिली भेट बरं असतानाच घ्या.

पुणेरी_सदरा
एवढी चर्चा कशाला? कूर्गला होमस्टे घ्या. महिना चाळीस हजार फार नाहीत.

कोपर_पूर्व
सगळ्यांचे आभार. ठरलं. शिव्या घालाल, पण रत्नागिरी. तेही बारा महिने नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर.
पाचगणी आणि सातारा उंची, घाट, पाचटाने गेले. नाशिक थंडीने. डोंबिवलीची हवा पावसाळ्यात धुऊन निघते, आईला जून ते सप्टेंबर फारसा त्रास नसतो, मग घर सोडायचं कशाला? रत्नागिरीत उंची जवळजवळ नाही, जानेवारीतही पहाट साधारण अठरा-एकोणीसची. जिल्हा रुग्णालय शहरात. दिवा स्टेशनवरून दिवसाची गाडी आहे आणि आईला दिवसा ऑक्सिजन लागत नाही.

यंत्रवाला
मी लिहिलेलं वाचलं का? दमट.

कोपर_पूर्व
वाचलं, म्हणूनच चार महिने. पावसाळाभर मशीन डोंबिवलीतच, तिथलं दमट तर आताही सोसतंयच ते. आतला ऑक्सिजन किती टक्के आहे ते जाण्याआधी आणि आल्यावर मोजून घेईन.

यंत्रवाला
मग विश्लेषक यंत्राने मोजून आकडा कागदावर घ्या. 'चालतंय की' हे मोजमाप नव्हे.

भाट्ये_किनारा
रत्नागिरीकर म्हणून दोन गोष्टी, म्हणजे नंतर आम्हाला बोल लागायला नको. डिसेंबर-जानेवारीत आंब्याच्या मोहोरावर फवारणी असते, तेव्हा कलमांच्या बागेत किंवा लगत बंगली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. भाड्याने देणारा 'समोर बाग आहे' हे कौतुकाने सांगेल. शहरात थिबा पॅलेसच्या बाजूला बघा, मारुती मंदिरच्या मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मिरकरवाड्याच्या बाजूला मासळीचा वास.
दुसरं, फेब्रुवारीअखेर म्हणालात ते पाळा. त्यानंतर भाताच्या रोपांसाठी भाजावळ सुरू होते. पाला, शेण, गवत रचून पेटवतात आणि तो धूर संध्याकाळी खाली बसतो. मार्च लागला की बॅग भरा. आणि घर बघायला जाल तेव्हा शेजारी पाणी तापवायचा बंब कुठे आहे ते बघा. सकाळी सहाला त्याचा धूर आईंच्या खिडकीत आला तर एवढ्या लांब येऊन काय केलंत?

कोपर_पूर्व
बंबाचं सुचलंच नव्हतं. व्यक्तिगत निरोप करतो.

गोदाकाठ
नाशिकमध्ये बंब नाहीत.