गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीला जाताना नऊवारी नेसणाऱ्या आईने काय घालावे?

सातारकर_लेक

नमस्कार. माझी आई 67 वर्षांची असून दोन आठवड्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. आता तिला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. आईने लग्न झाल्यापासून नऊवारीखेरीज दुसरे काही अंगावर घातलेले नाही. रुग्णालयातला झगासुद्धा तिने पहिल्या संधीला काढून टाकला होता.

पहिल्या दिवशी ती नेहमीसारखा काष्टा घालूनच आली. गुडघा दाखवायची वेळ झाली तेव्हा लुगडे वर सारता सारता मांडीपाशी कापडाचा एवढा मोठा बोळा झाला, की पाय वाकवताना तोच मध्ये अडकू लागला. उपचार करणारा मुलगा तरुण होता आणि त्याला घाई होती. त्याने दोनदा कापड वर ओढले, तशी आई ताठरली आणि पुढचा सगळा वेळ तिचे लक्ष व्यायामाऐवजी पदराकडे आणि दाराकडे राहिले. निघताना त्याने "पुढच्या वेळी ट्रॅक पँट घालून आणा" एवढेच सांगितले. घरी आल्यावर आईचे उत्तर तयार होते: "पँट घालून चारचौघांत म्या न्हाई जायची."

मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण व्यायामही बुडायला नको. गुडघा नेमका किती उघडा असावा लागतो? सहावारी किंवा गाऊन चालेल का? पायात काय घालावे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फिजिओ_नाशिक

नमस्कार. मी गेली 14 वर्षे हेच काम करतो. तुमच्या आईंना आलेला संकोच आमच्याकडे रोजचा आहे आणि तो समजून घेणे हे आमचे काम आहे, रुग्णाचे नव्हे. तरीही आम्ही गुडघा उघडा का मागतो, हे एकदा नीट सांगितले तर आईंनाही पटेल असे वाटते.

गुडघा किती वाकतो ते आम्ही गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने मोजतो. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवतात, एक हात खुब्याच्या हाडाकडे आणि दुसरा बाहेरच्या घोट्याकडे धरतात. या जागा बोटाने चाचपून शोधाव्या लागतात. कापडाच्या चार घड्यांवरून त्या सापडत नाहीत आणि मग 80 अंशांची नोंद एक दिवस 85 होते, तर दुसऱ्या दिवशी 75. प्रगती होते आहे की गाडी अडली आहे, हे त्यावरून कळेनासे होते. दुसरे म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचे आकुंचन डोळ्यांनी दिसावे लागते. आम्ही "गुडघा खाली दाबा" म्हणतो तेव्हा वाटी वर सरकते आहे का, वाटीच्या वरचा आतल्या बाजूचा स्नायू फुगतो आहे का, हे पाहूनच व्यायाम बरोबर होतो आहे असे म्हणता येते. याशिवाय टाक्यांच्या रेषेभोवतीची लाली, सूज आणि पोटरीचा ताठरपणा रोज पाहावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून पोटरी अचानक सुजली किंवा दुखू लागली तर ती गोष्ट त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवावी.

थोडक्यात, वाटीच्या वर साधारण एक वीत आणि खाली घोट्यापर्यंतचा पाय दिसायला हवा. त्यापेक्षा जास्त काही उघडे करण्याचे कारण नाही. दुसऱ्या पायावर आणि मांडीवर चादर घालता येते, पडदा ओढता येतो. स्त्री फिजिओथेरपिस्ट मागण्याचा आणि उपचाराच्या वेळी घरातल्या बाईला शेजारी बसवण्याचा आईंना पूर्ण अधिकार आहे. कपडा वर सारायचा असेल तर तो रुग्णाने स्वतः सारावा किंवा आधी विचारून सारला जावा. ओढाओढी झाली ती चूकच होती.

आता नऊवारीविषयी. चालण्याच्या दृष्टीने काष्टा सहावारीपेक्षा बरा, कारण सहावारीच्या निऱ्या वॉकरच्या पायाखाली आणि चपलेखाली सापडतात आणि या दिवसांत पडणे कोणत्याही परिस्थितीत परवडणारे नाही. मात्र गुडघा वाकवताना मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये कापडाचा थर आला, की शेवटचे काही अंश तो थरच खातो. शिवाय काष्टा घालायला दोन्ही हात वॉकरवरून सोडून, पाय फाकवून उभे राहावे लागते. पहिले दीड-दोन महिने तरी तो प्रयोग नको. लांब गाऊनही चालताना पायात येतो आणि पाय उचलण्याचा व्यायाम करताना तो सगळाच वर सरकतो. त्यामुळे गाऊनला आईंचा नकार असेल तर तो मला तरी योग्य वाटतो.

पायात मागे पट्टा असलेली, सपाट आणि तळाला पकड असलेली चप्पल घालावी आणि दर वेळी तीच घालून यावे, कारण टाचेची उंची बदलली की चालही बदलते. नुसते मोजे घालून फरशीवर चालवू नये. आणखी एक, निघण्यापूर्वी पायाला तेल किंवा बाम चोळू नका. विद्युत-उपचारासाठी चिकटपट्ट्या लावायच्या असतील तर त्या तेलकट कातडीला चिकटत नाहीत.

जुना_खांदा

विषय गुडघ्याचा असला तरी माझा अनुभव मांडते, कारण दुखणे बदलले की कपडेही बदलतात, हे मला फार उशिरा कळले. तीन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा आखडला होता. पहिले दोन आठवडे मी साडी नेसूनच जात असे. हात एका ठरावीक उंचीपर्यंत जाई आणि पुढे अडे, आणि मी रोज निराश होऊन घरी येई. एक दिवस तिथल्या बाईंनी मला पडद्याआड नेऊन ब्लाउजऐवजी त्यांचा बिनबाह्यांचा सैल अंगरखा घालायला दिला आणि हात वर न्यायला सांगितले. हात चांगला वीतभर जास्त वर गेला. इतके दिवस मला अडवणारा काही प्रमाणात खांदा होता आणि काही प्रमाणात ब्लाउजचा घट्ट मुंढा!

त्यानंतर मी पुढून पूर्ण उघडणारा, बिनबाह्यांचा सुती कुडता वापरू लागले. घालताना दुखरा हात आधी मुंढ्यातून घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, एवढा नियम पाळला तर डोळ्यांत पाणी येत नाही. पदराला खांद्यावर टाचणी लावण्याची सवय असेल तर ती मोडावी. शॉर्टवेव्हचा (विद्युत लहरींचा) शेक देताना त्या जागी धातू चालत नाही, हे मला तिथेच समजले. नायलॉनचे कपडेही नकोत, कारण घाम टिपला जात नाही आणि ओल्या जागी चटका बसू शकतो. पुढे मला मानेचे ट्रॅक्शनही (पट्टा बांधून मान ताणण्याचा उपचार) घ्यावे लागले. तेव्हा हनुवटीखालून आणि डोक्याच्या मागून पट्टा जातो, म्हणून मंगळसूत्र आणि कानातले घरीच काढून ठेवावे लागे आणि मानेवरच्या अंबाड्याऐवजी केस वर बांधावे लागत. आईंना याची गरज पडणार नाही, पण त्यांच्या वयाच्या आणखी कोणाला उपयोग होईल.

कंबरडे_मोडलेला

माझे मत थोडे रोखठोक आहे. उपचार घ्यायचे तर लाज बाजूला ठेवावी. गुडघ्यासाठी सैल अर्धी चड्डी हाच उत्तम कपडा आहे, तिच्यात मापही नीट घेता येते. मी स्वतः कमरेच्या ट्रॅक्शनसाठी जीन्स घालून गेलो होतो. कमरेचा पट्टा आवळल्यावर पितळी बटण आणि शिवण अशी रुतली, की 20 मिनिटांत मणक्यापेक्षा पोटच जास्त दुखले. पायजम्याच्या नाडीची गाठही पट्ट्याखाली तशीच टोचते. तेव्हापासून मी रुंद इलॅस्टिकची चड्डी वापरतो. आजींनी एकदा घालून पाहावी, सवय होते.

शिवणटिपण

वरच्या गृहस्थांची कंबर लवकर बरी होवो, पण 67 वर्षांच्या बाईला चड्डी सुचवणे म्हणजे तिने उपचारालाच न जाण्याची सोय करणे आहे. ज्या कपड्यात माणूस अवघडून बसतो त्यात तो पाय मोकळा सोडत नाही.

मी शिवणकाम करते आणि आमच्या गल्लीतल्या दोन आजींना अशा सलवारी शिवून दिल्या आहेत. सैल, सरळ पायाची सलवार घ्यावी. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची बाहेरची शिवण खालच्या काठापासून गुडघ्याच्या वर एक वीत येईपर्यंत उसवावी. दोन्ही कडांना पट्टी लावून त्यावर चार-चार बोटांवर टिचबटणे शिवावीत. आतली पट्टी दोन बोटे रुंद ठेवली की बटणे लावून चालताना कातडी दिसत नाही. तपासणीच्या वेळी बटणे खालून वर काढत गेले की पुढचा पल्ला बाजूला होतो, टाक्यांवर कापड घासत नाही आणि मांडीवर बोळाही होत नाही. चेन लावू नये, ती गुडघा वाकवताना कडक राहते आणि टाक्यांजवळ टोचते. कमरेला नाडी न घालता दोन बोटे रुंद, सैल इलॅस्टिक घालावे. उंची घोट्याच्या वर दोन इंच ठेवावी, म्हणजे कापड चपलेत येत नाही.

कापड मात्र नवे आणू नका. आईंचेच एखादे वापरून मऊ झालेले सुती लुगडे घ्या. नऊवार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. त्यात एक सलवार, वर गुडघ्यापर्यंतचा दोन्ही बाजूंनी उंच काप असलेला कुडता, आणि खांद्यावरून घ्यायला काठाचा एक लांब तुकडा आरामात निघतो. नवे कापड कडक असते आणि ते अनोळखीही वाटते.

सातारकर_लेक

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण करून पाहिल्यावरच लिहायचे ठरवले होते.

आईचे हिरवे इरकली लुगडे बरेच विरले होते. त्याची मांडीवरची जागा सोडून उरलेल्या कापडातून आमच्या गावच्या शिंप्याकडून दोन सलवारी आणि एक कुडता शिवून घेतला. कात्री लावू देताना आई काही बोलली नाही, पण शिंप्याच्या दुकानात तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ काठावरून बोट फिरवत बसली. काठाचा लांब तुकडा ती डोक्यावरून पदरासारखाच घेते. आरशात पाहून "म्हंजे लुगडंच हाय की ह्ये" असे म्हणाली आणि विषय तिथेच संपला. आम्ही वेळ बदलून दुपारची घेतली, तेव्हा तिथे बाई असतात. पडदा मागितला तर लगेच मिळाला. आता बटणे आईच काढते. सोमवारी 78 अंशांची नोंद होती, काल 92 ची झाली आहे.

एक अडचण मात्र उरली आहे. लुगड्याच्या ओच्यात आई पानसुपारीची चंची आणि दहा-वीस रुपये ठेवत असे. आता ती दर वेळी माझ्या पर्समधून मागून घ्यावी लागते आणि ते तिला मुळीच आवडत नाही. शिवणटिपण ताई, खिसा सलवारीला लावावा की कुडत्याला?

शिवणटिपण

कुडत्याला, डाव्या बाजूच्या कापाच्या वर आणि आतल्या अंगाने लावा. उजव्या बाजूला ठेवला तर कुशीवर झोपवून पाय उचलायला सांगतील तेव्हा चंची घरंगळून खाली पडेल. तोंडाला एक टिचबटण शिवायला विसरू नका.