गोंयकारासारखं वागायला लागणं: शहाणपण की नाइलाज?

बाजारकट्टा: घाटावरून नोकरी-धंद्याला आलेली माणसं इथे गोव्यात पाहता पाहता बदलतात. दुपारी दुकानं बंद म्हणून आधी चरफडतात, मग स्वतःच जेवून आडवी होतात. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पों-पोंकडे कान, चवथीला गणपतीवर फळं-भाज्यांची माटोळी. मला हे शहाणपण वाटतं. आल्या गावची रीत पाळण्यात कमीपणा कसला?

डिचोलीकर: शहाणपण नाही, नाइलाज. ‘घाटी’ म्हणून घ्यायचं नसतं, म्हणून मोडकीतोडकी कोंकणी. उत्तर गोव्यातल्या आसगावात जुनी घरं घेणारे दिल्लीवाले कुठे बदलले? तिथे गावच त्यांच्या तालावर चालायला लागलं. ज्याची बाजू पडती, तोच जुळवून घेतो.

निवृत्त मास्तर: पैशाचंच कशाला? १९५० च्या दशकात सॉलोमन ॲशने अमेरिकेत प्रयोग केला. रेषांची लांबी ओळखायची, साधं काम. पण आजूबाजूचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी त्यांचीच री ओढली. तिथे ना भाडेकरू होते ना घरमालक.

डिचोलीकर: मास्तर, अर्धंच सांगितलंत. बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तर री ओढणं खूपच कमी व्हायचं. आपल्याकडची चार बिऱ्हाडं शेजारी असली की बघा, दुपारची झोपसुद्धा उडते!

बाजारकट्टा: ॲशच्या खोलीतलं उत्तर उघड चुकीचं होतं. दुपारी झोपणं चुकीचं आहे का? दोन्ही एका मापाने मोजू नका.

सत्तरीची लेक: सगळे बाहेरून आलेल्यांवरच घसरलात. आमच्याकडे भांडण कोंकणीत, आरती, कीर्तन आणि जत्रेतलं नाटक मराठीत, पेपरही मराठी. १९६७ च्या जनमत कौलात आजोबांचं मत फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला. आजीचं दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला. संसार मात्र एकच. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात वाव राहिला. यात कोण कुणापुढे नमलं ते सांगा. लहानपणापासून दोन्ही अंगवळणी पडलं की ‘जुळवून घेतलं’ असं वाटतच नाही.

निवृत्त मास्तर: हे पटलं. ॲशच्या माणसांना एका बैठकीत ठरवायचं होतं, तुमच्या घराला पिढ्या मिळाल्या.

डिचोलीकर: पिढ्या मिळायला आधी खोली मिळावी लागते, मास्तर. ती देताना आमच्याकडे ‘खंयचे तुमी?’ (कुठले तुम्ही?) असं विचारतात. आसगावच्या बंगल्यावर जाऊन कोणी विचारून दाखवा.